गोणपाटाची कुळकथा

उन्हाळा लागला की आमच्या माळव्यातील मंड्यांतून एक शब्द वारंवार कानी पडू लागतो. तो शब्द म्हणजे बारदाना. गहू शेतातून निघालेला असतो, ट्रॉल्यांची रांग रस्त्यापर्यंत येऊन भिडलेली असते, काटा मोकळा असतो आणि हमालही सावलीत बसून असतात. पण बारदाना आलेला नसतो, म्हणून तोल थांबलेला असतो. महाराष्ट्रातून येणाऱ्या आमच्या पाहुण्यांना या शब्दाचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही, कारण बारदान हा शब्द मराठी व्यापाऱ्याच्या वहीतही जुनाच आहे. परंतु ज्या पोत्यावाचून एवढा मोठा व्यवहार अडून बसतो, ते पोते कोणत्या गावच्या मातीतून उगवले, कोणाच्या हातांनी विणले गेले आणि त्याची खरी किंमत कोणी भरली, हा प्रश्न आमच्यापैकी फार थोड्यांना पडला असेल. धान्य संपले की पोते झटकून कोपऱ्यात टाकावे, पुढे त्याचे पायपुसणे करावे, पावसात शेतकऱ्याने त्याची खोळ करून डोक्यावर घ्यावी, एवढाच आपला त्याच्याशी संबंध!

आज मात्र त्या प्रश्नाकडे वळण्यास एक निमित्त घडले आहे. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकावयाच्या प्लास्टिकच्या कित्येक वस्तू साऱ्या भारतात निषिद्ध ठरल्या. तेव्हापासून वनस्पतीजन्य वेष्टनांचा बोलबाला झाला आहे. कोणी मक्याच्या पिठूळ भागापासून केलेल्या पिशव्या पुढे करतो, कोणी उसाच्या चिपाडाच्या थाळ्या, तर कोणी आपल्या आजीच्या काळच्या पळसाच्या पत्रावळीची आठवण काढतो. जे झाडापासून झाले ते शुद्ध, आणि जे तेलाच्या विहिरीतून आले ते अशुद्ध, अशी एक सोपी वाटणी आपण मनाशी करून टाकली आहे. ही वाटणी कितपत खरी आहे, हे पाहण्यासाठी नव्या वस्तूंच्या जाहिराती वाचण्यापेक्षा एका जुन्या वस्तूचा हिशेब वाचणे आम्हांस अधिक शहाणपणाचे वाटते. तागाच्या पोत्याचा हिशेब जवळजवळ दोनशे वर्षांचा आहे, आणि त्याच्या जमाखर्चाची पाने अजून फाटलेली नाहीत.

प्रथम नावाचा घोळ दूर केला पाहिजे. महाराष्ट्रातील शेतकरी ताग म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे बहुधा पिवळ्या फुलांचे, हिरवळीचे खत म्हणून जमिनीत गाडावयाचे झाड असते. त्यालाच काही भागांत बोरू म्हणतात. बंगालचा ताग, ज्याला बंगाली माणूस पाट म्हणतो आणि जग ज्यूट म्हणते, तो निराळ्याच कुळातला आहे. त्याच्या दोन मुख्य जाती आहेत, एक पांढरा आणि दुसरा तोषा. जुन्या काळी दख्खनेत ज्या गोणी विणल्या जात त्या पुष्कळदा आपल्या तागाच्या, म्हणजे बोरूच्या, किंवा अंबाडीच्या वाखाच्या असत. लमाणांचे तांडे धान्य आणि मीठ घेऊन घाट चढत उतरत, तेव्हा बैलांच्या पाठीवर दोहों बाजूंस लोंबणाऱ्या गोणी हेच त्या काळचे मालवाहू डबे होते. गोणी हा शब्दही लहानसहान कुळातला नव्हे. पाणिनीच्या सूत्रांत तो धान्य भरावयाच्या साधनाच्या अर्थी आला आहे, आणि इंग्रजांच्या तोंडी त्याचाच 'गनी' झाला. म्हणजे वस्तूचे नाव आपल्याकडून जगाला गेले. पुढे वस्तूही गेली, परंतु निराळ्या वाटेने.

ती वाट बंगालमधून निघते. 'आइने अकबरी'त बंगाल सुभ्यातील घोडाघाट सरकारात तरट विणले जात असल्याची नोंद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा उद्योग सर्वस्वी घरगुती होता. खालच्या बंगालमध्ये शेतकरी, नावाडी, घरातील बायका, विधवा, सारेच फावल्या वेळात चाती फिरवीत बसत आणि हातमागावर तरट विणीत. ही पोती साखर, तांदूळ आणि कापूस बांधून देशोदेशी जात. कोणी त्यांत श्रीमंत झाला नाही. पण कोणाचे घरही त्याने मोडले नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांनी या तंतूचे नमुने विलायतेस धाडले, आणि या शांत व्यवहारात नवी गोष्ट शिरली.

स्कॉटलंडमधील डंडी हे गाव त्या वेळी जवसाच्या तंतूचे कापड विणीत असे. तो तंतू रशियातून येई आणि महाग पडे. बंगालचा ताग स्वस्त होता. पण यंत्रावर घातला की कडकन तुटे. तो मऊ करण्याची युक्ती डंडीच्या लोकांना १८३० नंतरच्या काही वर्षांत सापडली. ताग पाण्यात आणि देवमाशाच्या तेलात भिजवला की तो यंत्राला वश होतो, असे त्यांच्या ध्यानी आले. डंडी हे देवमाशांच्या शिकारीचे बंदर असल्यामुळे तेलाला तोटा नव्हता. वाचकांनी या ठिकाणी क्षणभर थांबावे. बंगालच्या दलदलीत उगवलेले एक निरुपद्रवी झाड यंत्राच्या दारी जाऊन उभे राहिले, तेव्हा त्याला आत घेण्यासाठी उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रातील देवमाशाला मरावे लागले. वनस्पतीजन्य वेष्टनाच्या आधुनिक इतिहासाचे पहिले पान असे आहे. पुढे देवमासे विरळ झाले आणि त्यांच्या तेलाची जागा खनिज तेलाने घेतली. म्हणजे ज्या तेलाच्या विहिरीशी आपला काही संबंध नाही असे तागाचा कैवारी मानतो, तिचे थेंब गिरणीत विणलेल्या पोत्याच्या धाग्याधाग्यांत पूर्वीच मुरलेले होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस कोको, कॉफी आणि कवचाची फळे विकत घेणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकांना या तेलाचा वास आणि अंश खटकू लागला. म्हणून १९९८ साली अन्नासाठीच्या तागाच्या पोत्यांकरिता निराळे आंतरराष्ट्रीय मानक ठरवावे लागले, आणि खनिज तेलाऐवजी वनस्पतितेल वापरण्याची प्रथा पडली.

डंडीचा भाग्योदय मात्र झपाट्याने झाला. १८३८ साली डच सरकारने जावा बेटातील कॉफीसाठी तागाची पोती मागवली. १८५३ साली क्रिमियाचे युद्ध पेटले आणि पुढे रशियाचा माल बंद झाला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली आणि कापूस दुर्मीळ झाला. दर युद्धागणिक तागाचा पाय अधिक रोवला गेला. जगाचा व्यापार वाढत होता, आणि गहू, लोकर, कॉफी, खत यांना अंगरखा हवा होता. तो अंगरखा डंडी शिवीत होती. त्या गिरण्यांतून कामाला बहुतांशी बायका असत, कारण त्यांना पगार कमी देता येई. अशा रीतीने बंगालच्या घराघरांतील चाती स्कॉटलंडमधील स्त्रियांच्या यंत्राने बंद पाडली.

तथापि जो उद्योग स्वस्ताईच्या बळावर उभा राहतो, तो आणखी स्वस्त जागा दिसताच उठून जातो. सिलोनात कॉफीचे मळे करून पाहिलेल्या जॉर्ज ऑकलंड या गृहस्थाने डंडीहून यंत्रे आणली, आणि बिश्वंभर सेन या बंगाली भागीदाराच्या द्रव्यसाह्याने १८५५ साली हुगळीच्या काठी रिशडा येथे तागाची पहिली गिरणी घातली. चार वर्षांनी बराहनगर येथे यंत्रमाग आले. १८६९ साली या भागात पाच गिरण्या आणि ९५० माग होते. १९१० साली ३८ कंपन्या आणि तीस हजारांवर माग झाले. एकोणिसावे शतक संपण्यापूर्वीच कलकत्त्याने डंडीस मागे टाकले होते. १८८४ मध्ये गिरणीमालकांची संघटना झाली, आणि दोनच वर्षांनी तिने कामाचे तास कमी करून माल मर्यादित ठेवण्याचा करार केला, म्हणजे भाव पडू नये. पहिल्या महायुद्धात खंदकांपुढे रचावयाच्या वाळूच्या पोत्यांना जी मागणी आली तिने मालकांच्या तिजोऱ्या ओसंडून वाहिल्या. त्या संपत्तीचा मोह आमच्या इंदुरासही पडला. येथील सर सेठ हुकुमचंद यांनी १९१९ साली नैहाटीजवळ आपली तागाची गिरणी काढली, आणि त्याच सुमारास बिर्लाही या धंद्यात उतरले. इंग्रजांच्या या किल्ल्यात शिरणारे ते पहिल्या हिंदी व्यापाऱ्यांपैकी होत. माळव्याच्या कापसावर मोठा झालेला पैसा बंगालच्या तागात गेला, ही गोष्ट आमच्या शहराच्या इतिहासात सहसा कोणी सांगत नाही.

आता या वैभवाच्या मुळाशी उभा असलेला माणूस पाहू. चैत्र-वैशाखात तागाची पेरणी होते आणि सुमारे चार महिन्यांत झाड पुरुषभर उंचीच्या वर जाते. मग ते कापून, जुड्या बांधून, दोन-तीन आठवडे साचलेल्या पाण्यात बुडवून ठेवावे लागते. पाण्यातील जंतू सालीतला चिकट भाग खाऊन टाकतात आणि तंतू मोकळा होतो. या काळात पाणी काळे पडते, त्यातील प्राणवायू आटतो, मासे तळमळतात आणि दुर्गंधी गावभर पसरते. अशा पाण्यात कंबरेइतके उभे राहून शेतकरी दिवसभर तंतू सोलतो, धुतो, झोडपतो. त्याच्या हातापायांची कातडी फुटते आणि खरजेने तो हैराण होतो. एवढे करून ओल्या वजनाच्या शंभर भागांतून सुमारे पाच-सहा भाग तंतू हाती येतो. जमेच्या बाजूसही नोंदी आहेतच. तागाची गळालेली पाने शेताला खत होतात. त्याला कापसाइतकी औषधे मारावी लागत नाहीत. सोललेल्या काड्या सरपणाला, कुडाला, विड्याच्या पानांच्या मांडवाला उपयोगी पडतात. परंतु ज्या तळ्यात ताग कुजतो त्याच तळ्यातील मासा शेतकऱ्याच्या ताटात असतो, ही नोंद गिरणीच्या वहीत कधी आली नाही.

याहून मोठा प्रश्न जमिनीचा होता. तागाची आणि भाताची जमीन एकच. ताग पेरावा तर रोख पैसा मिळतो आणि तांदूळ विकत घ्यावा लागतो; भात पेरावा तर पोट भरते आणि सावकार दाराशी बसतो. पेरणीच्या वेळी दादन म्हणून पैसा घ्यावयाचा आणि पीक निघताच ते फडियाला, फडियाने बेपाऱ्याला, बेपाऱ्याने आडतदाराला द्यावयाचे, अशी ही साखळी होती. तिच्या वरच्या टोकाला भाव ठरे, आणि खालच्या टोकाला तो केवळ कळे. १९३० नंतरच्या जागतिक मंदीत तागाचे भाव कोसळले तेव्हा पूर्व बंगालचा शेतकरी पुरता कर्जात बुडाला. १९४० साली बंगाल सरकारला तागाचे क्षेत्र कायद्याने बांधून द्यावे लागले. १९४३ च्या दुष्काळाची कारणे अनेक आहेत, आणि त्याचे खापर तागावर फोडणे अन्यायाचे होईल. परंतु आपल्या शेतात खाण्यासारखे काही न पिकवणाऱ्या माणसाला तांदळाचा भाव आवाक्याबाहेर गेला म्हणजे काय होते, हे त्या वर्षी दिसून आले. तात्पर्य, वेष्टन पिकवावयाचे तर कोठे तरी अन्नाने जागा सोडली पाहिजे. मक्यापासून आणि उसापासून पिशव्या करण्याची आजची योजना ऐकताना आम्हांस प्रथम त्या भाताच्या खाचराची आठवण होते.

१९४७ मध्ये देशाची फाळणी झाली आणि तागाच्या झाडाची व त्याच्या गिरणीचीही फाळणी झाली. अखंड हिंदुस्थानातील तागाच्या जमिनीपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश पूर्व पाकिस्तानात गेली. गिरण्या मात्र सगळ्या भारतात राहिल्या, तिकडे एकही नव्हती. १९४९ च्या सप्टेंबरात भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, पाकिस्तानने केले नाही, आणि दोन्ही देशांतील व्यापार अडला. माग तयार होते, पण कच्चा माल सीमेपलीकडे कुजत होता. मग भारताने पश्चिम बंगाल, बिहार, आसाम या प्रांतांत ताग वाढवला. पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन आलेल्या शेतकऱ्यांच्या अनुभवाचा त्यात मोठा उपयोग झाला. पलीकडे नारायणगंज येथे आदमजी यांची प्रचंड गिरणी उभी राहिली. तिच्या आणि तिच्यामागून आलेल्या गिरण्यांच्या कमाईवर पाकिस्तानचे परकीय चलन अवलंबून होते. 'सोनेरी तंतू' आम्ही पिकवावा आणि सोने पश्चिमेकडे जावे, हे शल्य पूर्व बंगालच्या मनात वाढत गेले आणि १९७१ च्या स्वातंत्र्यलढ्याच्या कारणांत त्याचीही गणना होऊ लागली. पोत्यासारख्या क्षुद्र वस्तूने एवढे राजकारण पाहिले आहे.

दरम्यान एक निराळाच प्रतिस्पर्धी जन्मास आला होता. १९५४ साली इटलीत जुलिओ नाट्टा यांनी पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक सिद्ध केले. १९६३ साली त्यांना कार्ल त्सीग्लर यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. या प्लास्टिकच्या पट्ट्या काढून त्या विणता येतात, आणि त्या विणीचे पोते पाण्याला भीत नाही, कसरीला भीत नाही आणि वजनास हलके असते. पन्नास किलो धान्याचे तागाचे पोते अर्धा किलोहून अधिक भरते. तेवढेच धान्य मावणारे प्लास्टिकचे पोते साधारण शे-सव्वाशे ग्रॅमचे असते. शिवाय पाश्चात्त्य देशांत धान्य पोत्यांतून नेण्याची चालच मागे पडली. ते मोकळेच जहाजात ओततात आणि कोठारांत साठवतात. गालिच्यांच्या पाठीला लावावयाचे तागाचे कापड अमेरिकेत काही काळ खपले. नंतर तेथेही प्लास्टिक शिरले. सत्तरीच्या दशकात हुगळीच्या काठचे भोंगे एकामागून एक मुके होऊ लागले. १९८० मध्ये केंद्र सरकारने काही आजारी गिरण्या ताब्यात घेऊन एक महामंडळ केले, परंतु तेवढ्याने रोग हटला नाही.

तेव्हा १९८७ साली संसदेने एक कायदा केला. ठरावीक माल तागाच्याच वेष्टनात बांधला पाहिजे, अशी सक्ती त्याने केली. धान्य, साखर, खत आणि सिमेंट हे त्यातील मुख्य जिन्नस होत. कारखानदारांनी त्यास न्यायालयात आव्हान दिले. सिमेंटसारखी भुकटी तागाच्या विणीतून गळते आणि ती कामगाराच्या छातीत जाते, हा आक्षेप काही खोटा नव्हता. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. तथापि पुढे सिमेंट आणि खत या सक्तीतून सुटले. आता मुख्यतः धान्यासाठी आणि साखरेच्या पाचव्या हिश्श्यासाठी ती उरली आहे. म्हणजे तागाच्या पोत्याला आज बाजार उरला आहे तो बहुतांशी सरकारचा. सरकार गहू आणि तांदूळ घेते, त्यांसाठी पोते घेते, आणि त्या पोत्याची किंमत धान्याच्या सवलतीच्या खर्चात मिळवते. सरकारी आकड्यांप्रमाणे सुमारे चाळीस लाख शेतकरी कुटुंबे आणि पावणेचार लाख कामगार या धंद्यावर जगतात. ज्या पोत्यासाठी आमची मंडी खोळंबते, त्यामागे ही सगळी माणसे उभी आहेत.

याची जाणीव आम्हांस २०२० साली झाली. त्या वर्षी मार्चच्या अखेरीस महामारीमुळे देश बंद झाला आणि हुगळीच्या गिरण्याही थांबल्या. इकडे आमच्या माळव्यात गहू उभा होता, आणि पीक असे की त्या हंगामात सरकारी खरेदीच्या बाबतीत मध्य प्रदेशाने पंजाबासही मागे टाकले. गहू थांबत नाही आणि बारदाना तर नाही, अशा पेचात केंद्र सरकारने प्लास्टिकच्या पोत्यांना मुभा दिली. गहू वाचला; शेतकऱ्याला पैसे मिळाले. त्या वेळी प्लास्टिकच्या पोत्याला नावे ठेवण्याचे धैर्य आमच्यात नव्हते, आणि आजही नाही. परंतु त्याच वेळी एक गोष्ट उघड झाली. तागाला पर्याय आहे हे कळले, आणि तो वापरला तर हुगळीच्या काठी काय होईल हेही कळले. एकाच पोत्याच्या दोन बाजूंना दोन शेतकरी उभे आहेत, एक गहू पिकवणारा आणि एक ताग पिकवणारा. पोते महाग झाले तर भार पहिल्याच्या खरेदीव्यवस्थेवर पडतो, स्वस्त झाले तर दुसऱ्याचे शेत ओस पडते. यांपैकी कोणाची बाजू घ्यावी, हे पर्यावरणाचे पुस्तक उघडून ठरत नाही.

बांगलादेशाचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथे १९८८ आणि १९९८ च्या महापुरांत पातळ पॉलिथिनच्या पिशव्यांनी गटारे तुंबली, असा बोध घेऊन २००२ साली त्या पिशव्यांवर देशभर बंदी घातली गेली. जगात अशी बंदी घालणाऱ्या देशांत तो अग्रणी ठरला. आणि त्याच २००२ मध्ये, जूनच्या अखेरीस, तोटा सोसवेना म्हणून आदमजींची ती प्रचंड गिरणी बंद करण्यात आली! एका हाताने प्लास्टिक हद्दपार झाले आणि दुसऱ्या हाताने त्याला पर्याय देणाऱ्या कारखान्यास टाळे लागले. २०१० मध्ये तेथे तागाच्या वेष्टनाची सक्ती करणारा कायदा आला. २०२० मध्ये उरलेल्या २५ सरकारी गिरण्याही बंद झाल्या. मुबारक अहमद खान या तेथील शास्त्रज्ञाने तागातील सेल्युलोजपासून प्लास्टिकसारखी दिसणारी आणि मातीत विरणारी पिशवी तयार केली आहे, हे खरे. परंतु प्रयोगशाळेत वस्तू सिद्ध होणे आणि बाजारात तिचा भाव परवडणे, यांत किती अंतर असते, हे तागाइतके कोणत्या वस्तूने सोसले असेल?

नव्या वनस्पतीजन्य वेष्टनांबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत. विसाव्या शतकाच्या आरंभी झाक ब्रांडेनबर्गर या स्विस रसायनज्ञाने लाकडाच्या लगद्यापासून सेलोफेन काढले. ते काचेसारखे पारदर्शक आणि झाडापासून झालेले होते. पण ते करण्यास जे कार्बन डायसल्फाइड लागते, त्याच्या वाफेने कामगारांचे मज्जातंतू बिघडत. आजच्या मक्याच्या पिशव्या 'कुजणाऱ्या' म्हणून विकल्या जातात. परंतु त्यांतील पुष्कळशा कुजण्यास सुमारे साठ अंश उष्णतेची खास व्यवस्था लागते. ती आपल्या घरामागच्या उकिरड्यावर नाही, आणि समुद्रात तर नाहीच. ब्रिटनच्या पर्यावरणखात्याने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की हवामानाच्या दृष्टीने कापसाची पिशवी पातळ प्लास्टिकच्या पिशवीहून सरस ठरावयाची तर ती किमान १३१ वेळा वापरली पाहिजे. हा आकडा वाचून कोणी कापसाची पिशवी टाकून देईल, तर त्याने तो उलटा वाचला. वस्तू कशाची केली, याइतकेच ती किती दिवस वापरली याला महत्त्व आहे, असे तो आकडा सांगतो.

आणि येथेच तागाच्या पोत्याची खरी जमा दिसते. प्लास्टिकचे पोते उन्हात पडले की काही महिन्यांत त्याच्या पट्ट्यांचा भुगा होतो. तो भुगा मातीत मिसळतो आणि तेथून निघत नाही. त्याची थप्पी रचली तर ती घसरते. तागाच्या पोत्यात हमालाने आकडा रोवला तरी वीण पुन्हा मिटते. धान्याला हवा मिळते. थप्पी उंच राहते. रिकामे झालेले पोते दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा भरले जाते. मग कोणी दाभण आणि सुतळी घेऊन त्याला ठिगळ लावतो. ते कांद्यासाठी जाते, कोळशासाठी जाते. माळव्याच्या उन्हाळ्यात ओले करून ते माठाभोवती गुंडाळले जाते. शेवटी उंबऱ्यावर येऊन पडते आणि एका पावसाळ्यात मातीला मिळते. या प्रत्येक टप्प्यावर त्याच्या पाठीवरचा पूर्वीचा खर्च थोडा थोडा फिटत जातो. तो देवमासा, ते काळे पडलेले तळे, भाताने सोडलेली ती जागा, यांचे ऋण एका वापराने फिटणारे नव्हे. पोते जितके दिवस जगेल तितके ते फिटेल.

आमच्या आजोबांच्या पिढीला हा सिद्धान्त कोणी शिकवला नव्हता. त्यांच्या घरी पोते फेकण्याची पद्धतच नव्हती, कारण पोत्याला किंमत होती, आणि वाणी ते परत घेई. आज किंमत सरकार भरते, म्हणून कोणाला ती दिसत नाही. आणि जी किंमत दिसत नाही ती वाचवण्याची बुद्धीही होत नाही. तागाला आधार द्यावा, या मताचे आम्ही आहोत. परंतु तो आधार केवळ सक्तीचा असू नये. शेतकऱ्याला कमी पाण्यात आणि कमी वेळात तंतू सोडवण्याची सोय मिळावी, म्हणजे तळे आणि त्याची कातडी दोन्ही वाचतील; आणि एकदा भरलेले पोते परत घेऊन पुन्हा भरण्याची व्यवस्था मंडीपासून रेशनच्या दुकानापर्यंत पुन्हा बसवावी. नवी पोती थोडी कमी विणली गेली तर गिरणीचे काय, असा प्रश्न कोणी करील. तो प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे सोपे उत्तर आमच्याजवळ नाही. पोते टिकाऊ असणे आणि गिरणी चालू राहणे यांत जो विरोध आहे तो १८८६ च्या मालकांनी कामाचे तास कमी करून पाहिला, आजच्या सरकारने सक्ती करून पाहिला, आणि अजून तो मिटलेला नाही. जे लोक वनस्पतीजन्य वेष्टनाला साऱ्या दुखण्यांवरचे औषध मानतात, त्यांनी हा विरोध आधी पाहावा, एवढेच आमचे म्हणणे.

पुढच्या उन्हाळ्यात मंडीत पुन्हा गव्हाच्या राशी पडतील आणि पुन्हा कोणी तरी विचारील, बारदाना आला का? तो आलेला असो वा नसो, त्या शब्दामागे हुगळीच्या काठी पाण्यात उभा असलेला एक माणूस आहे, एवढी आठवण ठेवून आपण पोत्याचे तोंड शिवले, तरी या कुळकथेचे सार्थक झाले असे आम्ही समजू.